ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर : पिशवी, ओव्हरी आणि लवकर गेलेली पाळी

ताई, आयडीवर नाव नाहीये, पण स्वतःची पाळी ४४ व्या वर्षी गेली असं लिहिलंयत म्हणून ताईच म्हणते. मेनोपॉजवरच्या, म्हणजे पाळी कायमची जाण्यावरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार दिवसांपूर्वीच वाचली होती, जरा लागली, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. तुमचं म्हणणं असं की पिशवी काढली की मेनोपॉज आला असं मी सरसकट ठोकून दिलंय, तुमच्या वहिनींची पिशवी ३८ व्या वर्षी काढली आणि त्या ठणठणीत आहेत. शिवाय हल्लीच्या मुलींची पाळी गर्भनिरोधक गोळ्या, उशिरा लग्न आणि बाहेरच्या खाण्यामुळे लवकर जाते ते मी मुद्दाम गाळलं. आणि आजीच्या काळात असलं काही नव्हतं, मी उगाच बायकांना घाबरवते.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडते. पिशवी म्हणजे गर्भाशय, ती काढली की रक्त जाणं थांबतं, पण ओव्हरी, म्हणजे बीजांडं असतात त्या दोन ग्रंथी, जागेवर असतील तर त्या आपलं काम करत राहतात, हार्मोन्स बनत राहतात, त्याला मेनोपॉज म्हणत नाहीत. पिशवी काढलेल्यांमध्ये ओव्हरी ठेवल्या तरी त्या एरवीपेक्षा जरा लवकर थकतात असं दिसलंय, पण ते वेगळं. मी दोन्हीची खिचडी केली, ती माझी चूक.

पण ही खिचडी माझ्या डोक्यात आली कुठून तेही सांगते. माझ्या मावशीची पिशवी ३६ व्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं, तिथे सांगितलं गाठ आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, काकांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. घरी आल्यावर आठवड्याच्या आतच तिला अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री उठून ओट्यावर बसायची, पदराने वारा घ्यायची, सगळे म्हणायचे ऑपरेशनचा अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. बारा वर्षांनी नुसती अंगणात घसरली तर मनगट मोडलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला डिस्चार्जचा कागद, त्यावर लिहिलेलं ‘टीएएच विथ बीएसओ’. म्हणजे पिशवीबरोबर दोन्ही नळ्या आणि दोन्ही ओव्हरी पण काढल्या. हे बारा वर्षं घरात कुणाला माहीत नव्हतं, तिला स्वतःला नव्हतं! एवढ्या लवकर ओव्हरी गेल्या तर, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत बाहेरून हार्मोन्स द्यायचे असतात, हाडांसाठी आणि हृदयासाठीसुद्धा. तिला कॅल्शियमची गोळीसुद्धा कुणी दिली नव्हती.

आणि ही एकट्या मावशीची गोष्ट नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण पेपरात आलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. नवराबायकोचा मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावतो, मग पाळीची कटकटच नको असं वाटायला किती वेळ लागतो. तुमच्या वहिनींच्या ओव्हरी ठेवल्या असतील आणि तसं त्यांना सांगितलं असेल, तर चांगलंच झालं.

आता गोळ्या आणि पिझ्झा. ताई, पाळी जाते ती बीजांडं संपली म्हणून. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे ६०-७० लाख असतात, जन्माला येईपर्यंत १०-२० लाख, वयात येताना ३-४ लाख, आणि आयुष्यभरात बाहेर पडतात फक्त चारपाचशे. बाकीची आपोआप विरून जातात, कणगीतलं धान्य आपण ओंजळभर घ्यावं आणि पोतंभर सोंड्यांनी खावं तसं. म्हणून गोळ्या घेतल्याने बीजांडं वाचतही नाहीत आणि लवकर संपतही नाहीत. हजारेक उरली की ओव्हरी दाद देईनाशी होते, मेंदू एफएसएच (ओव्हरीला कामाला लावणारं हार्मोन) वाढवून वाढवून हाका मारतो, उपयोग होत नाही. सलग बारा महिने पाळी नाही आली की मेनोपॉज. आपल्याकडे सरासरी ४६-४७, पाश्चात्त्य देशात ५१, गुगलवर दिसतो तो आकडा तिकडचा आहे. आईची कधी गेली त्यावरून बराच अंदाज येतो. तुमची ४४ ला गेली ती पुस्तकी भाषेत ‘लवकर’मध्ये धरतात, म्हणून हाडांची तपासणी केली नसेल तर करून घ्या, हे घाबरवणं नाही.

चाळिशीच्या आत जाते ते मात्र वेगळं प्रकरण. एक एक्स गुणसूत्र कमी असणं (टर्नर, त्यात बऱ्याचदा पाळी सुरूच होत नाही), फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजाराच्या जीनमधला बदल, शरीराने स्वतःच्याच ओव्हरीवर उठणं, जे थायरॉइडच्या दुखण्यासोबत बऱ्याचदा येतं, केमोथेरपी, ओटीपोटाला दिलेलं रेडिएशन. सिगारेटने वर्षदोन वर्षं अलीकडे येते, हे पक्कं आहे. उशिरा लग्नाचं म्हणाल तर मूल न झालेल्यांची पाळी सरासरी थोडी लवकर जाते असं दिसतं, पण ओव्हरी आधीच दमलेली असेल तर मूलही राहात नाही, मग कशामुळे काय ते तुम्हीच ठरवा. आणि बहुतेक जणींमध्ये कारण सापडतच नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलीची २९ व्या वर्षी गेली, तिच्या सासूने पहिला प्रश्न विचारला, लग्नाआधी कसल्या गोळ्या घेत होतीस? म्हणून मी ते लिहिलं नाही. मुद्दामच.

आजीच्या काळाचं सांगू? माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, ती सांगायची की तेव्हा कामावरच्या कितीतरी बायांची पाळी बंद पडली, आणि घरात दाणे आले तशी परत सुरू झाली. ते मेनोपॉज नव्हतं, उपाशी शरीराने मेंदूकडून काम थांबवलेलं, ओव्हरीत माल होताच. म्हणून आजही एखादीची तिशीत पाळी थांबली की आधी दिवस गेलेत का ते, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन), वजन, एफएसएच बघतात, लगेच गेली म्हणून शिक्का मारत नाहीत. बाकी आजीच्या वाफा मी स्वतः पाहिल्यात, थंडीत दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायची. फक्त त्याला नाव नव्हतं, आणि ‘सुटले बाई एकदाची’ एवढंच म्हणायची.

मूळ लेखातलं ते वाक्य काल रात्री बदललं, तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं असं खाली लिहिलंय. तेवढं वहिनींना विचारून त्यांचा डिस्चार्जचा कागद एकदा काढून बघाल का, त्यावर ‘बीएसओ’ ही तीन अक्षरं नाहीत ना.