पुण्याला आयपीएलचा संघ परवडेल का? कट्ट्यावरचा हिशोब

पिंट्याचं म्हणणं साधं होतं. लखनौला संघ आहे, मग पुण्याला का नाही? गर्दी आहे, पैसा आहे, गहुंज्याचं मैदान आहे.

सीएने लगेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला. "लखनौ 2021 मध्ये 7,090 कोटींना गेलं, दहा वर्षांच्या हप्त्यांवर. वर्षाला 709. प्रक्षेपण हक्क 2023 ते 2027 साठी 48,390 कोटींना विकले, म्हणजे वर्षाला 9,678. त्यातले साधारण निम्मे दहा संघांत वाटले, तर एकेकाला 484. आता खेळाडूंचे 120 कोटी धर, ती 2025च्या लिलावाची मर्यादा होती. खड्डा किती? 345 कोटी!"

"तिकिटं विसरलास."

"विसरलो नाही. 37,000 खुर्च्या, घरचे 7 सामने, सरासरी 1,500 रुपये, सगळी हाउसफुल्ल. 39 कोटी. त्यातून मैदानाचं भाडं आणि सुरक्षा द्यायची, फुकट पासवाले वेगळेच. बाकीचे प्रायोजकांकडून आणायचे."

पिंट्या गप्प बसला, पण आप्पांना हे पटेना. "अरे, मग लखनौवाल्यानं एवढे पैसे ओतले ते काय वेड्यासारखे?"

"नाही ना आप्पा, तुम्ही दहा वर्षांपुढचं बघा. हप्ते संपले की उत्पन्नाचे 20 टक्केच बोर्डाला द्यायचे. मालकाला तोवर दम काढावा लागतो. आपल्याकडे नेमका तोच टिकला नाही."

इथे सीएचं बरोबर आहे. सहाराने 2010 मध्ये पुण्याच्या पहिल्या संघासाठी 37 कोटी डॉलर मोजले. बोली लावताना हंगामात 94 सामने धरले होते, झाले 74. फी कमी करण्यावरून भांडण पेटलं आणि 2013 मध्ये संघ संपला. पुढचा रायझिंग पुणे तर मुळातच दोन वर्षांचा होता, चेन्नई आणि राजस्थानच्या बंदीच्या काळापुरता. 2017ची फायनल मुंबईकडून एका धावेने हरला आणि गुंडाळला गेला. इतक्या थोड्या दिवसांत पोरं जर्सी कुठली घेणार? 2018 मध्ये चेन्नईचे सामने कावेरी आंदोलनामुळे इथे आले, तेव्हा चेन्नईच्या जर्सींनी गहुंजे पिवळंधमक झालं होतं.

"मैदानाचं बोला," बंड्या म्हणाला. "द्रुतगती मार्गालगत आहे ते, शहरात नाही. सामना साडेअकराला सुटतो, बाहेर पडणारी प्रत्येक गाडी एकाच बाजूला वळते. 2024च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्यायचं पाणी संपलं, आणि बहुतेक स्टँडवर छप्परही नाही. दीड हजार देऊन माणूस एकदा येईल, सात वेळा नाही."

2016च्या दुष्काळात तर न्यायालयाच्या आदेशाने सामने राज्याबाहेर गेले आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला खेळला. त्यात तेव्हाच्या मालकाचा दोष नव्हता, पण नवा मालक ते करारात बघणारच.

"फुटबॉलही गेलाच की," आप्पा म्हणाले. एफसी पुणे सिटी 2014 ला आली, 2019 मध्ये हैदराबादला गेली. टिकली ती पुणेरी पलटण, 2024ला प्रो कबड्डी जिंकलीसुद्धा. कबड्डीला मॅट आणि बंदिस्त हॉल पुरतो. खर्चाची तुलनाच नाही.

"म्हणजे संघ नकोच?" पिंट्या.

"हवा की! पण आधी स्टेडियमवर छप्पर, सामन्याच्या रात्री पीएमपीच्या जादा बस, आणि दहा वर्षं तोटा सोसेल असा मालक. तिकिटाचा भाव त्यानंतर ठरवू," सीए म्हणाला.

आप्पांनी तेवढ्यात चहाचे पैसे काढायला सांगितले. सीएचं पाकीट घरी होतं.