बकायनची फळं खाऊ नका, ते कडुनिंब नाहीये

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांमधे एक मेसेज फिरतोय, की बकायन म्हणजे 'मीठा नीम', कडुनिंबाचाच भाऊ, त्याची पिकलेली फळं सकाळी रिकाम्या पोटी चावून खा, मूळव्याध न् शुगर दोन्ही जातात, आयुर्वेदात लिहिलंय, आणि पक्षी खातात त्यांना काही होत नाही तर माणसाला काय होणार. प्लीज हे पुढे पाठवू नका.

पहिलं म्हणजे इथे भाजीवाल्याकडे मीठा नीम मागितला तर तो कढीपत्ता देतो, त्याचा बकायनशी काहीच संबंध नाही. बकायन म्हणजे आपलं बकाण निंब. कुणी त्यालाच पर्शियन लायलॅक म्हणतं, कुणी प्राइड ऑफ इंडिया, आणि प्राइड ऑफ इंडिया तर तामणीलाही म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, झाड नीट बघा.

कडुनिंबाशी नातं आहे, दोघं एकाच कुळातले, पण म्हणून गुण सारखे होत नाहीत ना. कडुनिंबाच्या एका काडीला दोन्हीकडे सरळ पानं असतात, बकायनची काडी परत फुटते आणि त्या फाट्यांना पानं लागतात. कडुनिंबाचं फूल पांढरं, याचं फिकट जांभळं. पाडव्याला मुलांना फुलं-पानं आणायला पाठवता तेव्हा एवढं तरी नक्की सांगा. निंबोळी लांबट असते, याची फळं गोल, आणि हिवाळ्यात पानं गळली तरी पिवळे घोस तसेच लटकत असतात, लहान मुलांचा हात तिकडेच जातो.

आता मुख्य गोष्ट. या फळांत मेलियाटॉक्सिन नावाची विषं असतात, उलट्या, जुलाब, मग सुस्ती, श्वासाचा त्रास, झटकेसुद्धा. बुलबुल खातात हे खरं, पण हीच फळं खाऊन डुकरं न् कुत्री मेलीयेत. कुणाच्या काकांनी खाल्ली न् काही झालं नाही हेही खरं असेल, विषाचं प्रमाण झाडागणिक बदलतं, तुमच्या दारातल्या झाडात किती आहे ते बघून थोडंच कळतंय.

आणि आयुर्वेदाचं म्हणाल तर बचनाग न् भिलावा ही विषारी औषधंही त्यात आहेतच, पण शोधन करून, म्हणजे विष कमी करून, वैद्याच्या हातून. फांदीवरून तोडून तोंडात नाही!

झाड तोडायचं मात्र मुळीच कारण नाही, भरभर वाढतं, उन्हाळ्यात सावली छान देतं. मुलाने फळं खाल्ली असं कळलं तर उलटी होते का बघत बसू नका, त्रास काही तासांनी पण सुरू होतो, घोसासकट एक डहाळी सोबत घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.