ऑकलंडच्या दंडाबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

न्यूझीलंडच्या ऑकलंड विमानतळावर खाण्याच्या सामानावरून दंड झाला म्हणून आमच्या ट्रॅव्हल एजन्सीला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगते, जेवण गेलं नाही.

आधी माझं जे चुकलं ते. ऑस्ट्रेलियामार्गे न्यूझीलंडची तिकिटं काढताना ट्रान्झिट व्हिसा माझ्या डोक्यातून निसटला. भारतीय पासपोर्ट असला की तिथे नुसतं विमान बदलायचं असलं, विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी ७७१ नंबरचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण अर्ज करावाच लागतो, वेळ जातो, आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा निघायला आठ दिवस राहिले होते. म्हणून सगळं सिंगापूरमार्गे बदललं, तिथे आतल्या आत विमान बदललं तर व्हिसा लागत नाही, आणि त्यात तिघांचे मिळून २३,४०० रुपये जास्त गेले. चूक माझी, माफी मागते.

पण दादा, "खाण्याच्या सामानाबद्दल एजंटने एक शब्द सांगितला नाही, आईला विमानतळावर चोरासारखं उभं केलं आणि ४०० डॉलर दंड भरावा लागला" हे जे लिहिलंत ना, ते मला फार लागलं. एक शब्द नाही?

तुम्ही, वहिनी आणि आई, तिघं ऑफिसात आला होता. शुक्रवार होता, बाहेर म्हापशाच्या बाजाराची गर्दी, तुम्ही गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून मधेच उठून खाली गेलात. आई पंख्याखालच्या खुर्चीत बसून होत्या. लेकीच्या बाळंतपणाला चालल्यात म्हटल्यावर बॅगेत काय काय जाणार हे मला न सांगताच कळलं, आपल्याकडची कुठलीही आई रिकाम्या हाताने जात नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवरचा इंग्रजी प्रिंट बाजूला ठेवला आणि आईंना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात मराठीत कागद लिहून दिला. डिंकाचे लाडू, लोणचं, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसोलं, घरचा मसाला, पूजेचं सामान, यातलं जे काही न्याल ते फॉर्मवर "आहे" म्हणून सांगायचं. ताजं फळ अजिबात नाही. मध अजिबात नाही. "मध" या शब्दाखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या, कारण बाळाला मध चाटवायची पद्धत मला माहीत आहे. आईंनी विचारलंसुद्धा, सत्तरीतून आणलेला चांगला मध आहे, तो पण नाही का? मी म्हटलं नाही आई, बाटली सीलबंद असली तरी नाही, त्यांच्या मधमाश्यांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून ते लोक फार कडक आहेत. त्या हो म्हणाल्या. तो कागद मी पिवळ्या पाकिटात तिकिटांच्या वरच ठेवला आणि त्याचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यावर निळ्या टिका आलेल्या आहेत.

आणि ती बाटली शेवटी कॉटनच्या साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध गेली. हे मला आईंनीच तिकडून फोन करून सांगितलं, रडत होत्या. त्यांना मी दोष देत नाही, नातवंडासाठी नेत होत्या बिचाऱ्या. पण दंड मधाचा नाही झालेला दादा, दंड "नाही" म्हटल्याचा झालाय. न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लरेशन, म्हणजे सोबत काय आणतोय ते सांगायचा तोच फॉर्म, फुकट असतं, प्रवास सुरू व्हायच्या २४ तास आधीपासून भरता येतं, प्रत्येक माणसाचं वेगळं. मी म्हटलं होतं की आदल्या दिवशी ऑफिसात या, तिघांचं समोर बसवून भरून देते, एकेक प्रश्न वाचून. तुम्ही म्हणालात, राहू दे ताई, मोबाईलवर करतो मी, सोपं असतं. मग मुंबईला गेटवर बसून भरलंत आणि खाण्याच्या प्रश्नाला तिघांचंही "नो" टाकलंत, आईंना न विचारता. "येस" टाकलं असतं तर त्यांनी मध काढून घेतला असता, लाडू उघडून बघितले असते, आणि एक सेंटही न घेता सोडलं असतं. बॅगा तपासायच्या आधी तिथल्या माणसाला तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. आपल्या पैशांत वीस हजारांच्या घरात जाणारी रक्कम आहे, मला कळतं, मलाही वाईट वाटतं, पण ती माझ्या नावावर कशी?

फोन उचलला नाही हेही लिहिलंत. तुम्ही केला तेव्हा ऑकलंडला दुपारचे १२ वाजले होते. डिसेंबरात ते आपल्या साडेसात तास पुढे असतात, म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. साडेपाचला उठून बघितलं आणि चहाही न घेता पहिला फोन तुम्हाला लावला.

आणि ते १०० डॉलर "एजंटने लपवून लावले" असं खाली आहे, ते माझे नाहीत. ती न्यूझीलंड सरकारची पर्यटकांवरची लेव्ही, म्हणजे कर, आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ ची १०० झाली, व्हिसाच्या फीसोबतच कापली जाते. पावतीवर वेगळी लिहिलेली आहे, बघा.

ज्या गोष्टी नीट झाल्या त्या कुणी लिहीत नाही. आईंच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज काळातलं, शेवटी क्यू-यू-ई, आणि आधारवर साधं के. तुम्ही मला आधारचा फोटो पाठवला होता, मी हट्टाने पासपोर्ट मागून घेतला आणि तिकिटावर तेच जुनं स्पेलिंग घातलं, नाहीतर मुंबईच्या काउंटरवरच अडकला असता. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन केला तेव्हा तुम्ही टॅक्सीवाल्याला दाबोळी विमानतळ सांगून ठेवलं होतं आणि विमान गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावरून, मोपाहून होतं. तेव्हा तुम्ही तीनदा थँक्यू म्हणाला होता दादा.

मी हे सगळं जाहीर लिहितेय कारण माझं पोट यावर आहे. चौदा वर्षं झाली ऑफिसला, २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा लोकांचे रिफंड कंपन्यांकडून यायच्या आधी मी स्वतःच्या ठेवी मोडून दिले, दोन मुली कामाला आहेत, त्यांचा एक पगार चुकवला नाही. आता जो तो मोबाईलवर तिकीट काढतो, आमच्याकडे येतात ते आईवडिलांना लांब पाठवणारे, पहिल्यांदा जाणारे, ते येतात ते विश्वासावर. तुमचा रिव्ह्यू आल्यावर साखळी गावच्या एका जोडप्याने बुकिंग थांबवलंय.

बदल म्हणाल तर ट्रान्झिट व्हिसाचं आता तिकीट काढायच्या आधीच तपासू, दुसऱ्या मुलीकडूनही तपासून घेऊ, रात्रीच्या फोनचं पण काहीतरी बघतेय. तिकीट बदलताना घेतलेला माझा सर्व्हिस चार्ज परत करते, फरक विमान कंपनीचा होता, तो माझ्या हातात नाही.

एक स्टार ठेवायचा तर ठेवा, ट्रान्झिटच्या चुकीसाठी मी तो घेते. फक्त ते "एक शब्द सांगितला नाही" एवढं काढा, आईंना विचारून काढा. त्यांचं मार्चचं परतीचं तिकीट माझ्याकडेच आहे, एकट्या येणार म्हणून सिंगापूरला व्हीलचेअर टाकून ठेवलीय आणि मुंबईहून पुढचं विमान मोपाचंच घेतलंय, डिचोलीला तेच जवळ पडेल. बाळाला आणि बाळंतिणीला माझा आशीर्वाद सांगा.