‘नॉमिनी लावला की मृत्युपत्र नको’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

व्हॉट्सॅपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘मृत्युपत्र, वकील या भानगडीत पडू नका. सगळीकडे नॉमिनी लावा, मोठ्या मुलाला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या. बाकीचं बायकोला आपोआप मिळतं. मृत्युपत्र केलंच तर रजिस्टर करा, मग कोणी हात लावू शकत नाही. फारच काळजी असेल तर जिवंतपणीच घर मुलांच्या नावावर करून मोकळे व्हा.’ यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. आणि चूक उघडकीला येते तेव्हा ती दुरुस्त करू शकणारा माणूस हयात नसतो.

‘नॉमिनी म्हणजेच मालक’

नाही. बँकेने किंवा कंपनीने रक्कम कोणाच्या हाती द्यायची, एवढंच नामांकनाने ठरतं. ती रक्कम कोणाची, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८४ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यांची टक्केवारीही देता येते. पण ती टक्केवारी पैसे हाती देण्याची आहे, मालकीची नव्हे.

सोसायटीतल्या फ्लॅटवरून सर्वांत जास्त भांडणं होतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली कलम १५४ब-१३ आलं. त्यानुसार सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्यायचं, तेही खरे वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्कदार ठरेपर्यंतच. त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणून त्याला फ्लॅट परस्पर विकता येत नाही.

विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर ते लाभार्थी मानायचे, असं त्यात म्हटलं आहे. तरीही वारसांनी दावा केला तर काय, हा वाद कोर्टात जातोच. म्हणून बायको-मुलांसाठी नवी पॉलिसी घेताना १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्यावी. त्यासाठीचा वेगळा फॉर्म प्रस्ताव अर्जासोबतच भरायचा असतो. ही रक्कम बायको-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि धंद्यातल्या कर्जापायी सहसा जप्त होत नाही.

पीएफचंही पाहून घ्या. लग्नाआधी आई-वडिलांच्या नावे केलेलं नामांकन लग्न होताच बाद होतं, नवं भरावं लागतं.

‘बाकीचं बायकोला आपोआप मिळतं’

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना समान वाटा मिळतो. मेसेज लिहिणारा आईला विसरला आहे.

समजा मागे पत्नी, दोन मुलं आणि आई आहे. प्रत्येकाला चौथा हिस्सा. पुढे आईही मृत्युपत्र न करता गेली. तिचा नवरा आधीच वारलेला, आणखी एक मुलगा आणि एक मुलगी हयात. तिच्या चौथ्या हिश्शाचे तीन भाग होतात: एक त्या मुलाला, एक मुलीला, एक आधी गेलेल्या मुलाच्या मुलांना. म्हणजे फ्लॅटमध्ये दीर आणि नणंद प्रत्येकी बाराव्या हिश्शाचे मालक झाले. त्यांच्या सह्यांशिवाय फ्लॅट विकता येणार नाही, त्यावर कर्जही मिळणार नाही. कोणाची नियत वाईट असायची गरज नाही, एक सही परदेशात अडकली तरी व्यवहार थांबतो.

मूलबाळ नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत हाच कायदा फार कठोर होतो. तिचा पती हयात नसेल तर तिची स्वकमाई आधी पतीच्या वारसांकडे जाते, आई-वडील त्यानंतर. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण (२००९) या खटल्यातली स्त्री लग्नानंतर लगेच विधवा झाली. सासरने तिला घराबाहेर काढलं, माहेरने शिकवलं, ती नोकरीला लागली. मृत्युपत्र न करता ती गेली आणि तिची कमाई सर्वोच्च न्यायालयात नणंदेच्या मुलांना मिळाली, आईला नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद असता तर हे टळलं असतं.

‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिली की काम झालं’

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार. देणाऱ्याचा मृत्यू झाला की ती संपते. त्यानंतर तिच्या आधारे पैसे काढणारा मुलगा स्वतःच अडचणीत येतो.

‘रजिस्टर केलं की कोणी हात लावू शकत नाही’

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो आणि नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणीमुळे सही खोटी म्हणणं अवघड होतं, एवढाच फायदा. नंतर केलेलं वैध मृत्युपत्र, नोंदवलेलं नसलं तरी, आधीच्या नोंदवलेल्याला मागे टाकतं.

मृत्युपत्र अडतं ते साक्षीदारांवर. दोघांपैकी प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं किंवा ‘ही माझी सही’ असं तुम्ही त्याला सांगितलेलं हवं, आणि त्यानेही तुमच्यासमोर सही करायला हवी. पुढे कोर्टात हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते, नोंदणी असो वा नसो. म्हणून साक्षीदार तुमच्याहून तरुण आणि सापडतील असे निवडा. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नका. हिंदूंच्या बाबतीत तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. प्रत्येक पानावर सही करा, मिळकतीचा गट किंवा सर्व्हे क्रमांक लिहा, व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती) नेमा आणि ‘उरलेली सर्व मालमत्ता अमुकला’ हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर नंतर घेतलेली प्रत्येक वस्तू पुन्हा वारसा कायद्याकडे जाते.

‘वकील कशाला?’

साधं कुटुंब, एक फ्लॅट, थोड्या ठेवी असतील तर कायदा वकिलाची सक्ती करत नाही. पण दुसरं लग्न, विशेष गरजा असलेलं मूल, वडिलोपार्जित शेतीतला हिस्सा किंवा भागीदारीतला धंदा असेल तर वकिलाची फी वाचवू नका. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो आणि मृत्युपत्राची पद्धतही वेगळी आहे. मुंबईच्या नमुन्यावरून तिथलं मृत्युपत्र करू नका.

‘जिवंतपणीच नावावर करून मोकळे व्हा’

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिक स्थानिक अधिभार. स्वस्त आहे, म्हणूनच लोक घाई करतात. पण मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की मनाला आलं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास ते रद्द होऊ शकतं, मात्र सांभाळाची अट होती हे दाखवावं लागतं. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर आई-वडिलांचा त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट त्याच दस्तात स्पष्ट लिहून घ्या.