चाळीस हजारांत मॅक? हिशेब पुन्हा मांडा

सोलापुरातल्या लग्नाच्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘मॅकवर लाखभर कशाला घालता? चाळीस हजारांच्या असेंबल पीसीवर मॅकओएस टाका. काम तेच, अपडेट तेच, आणि मॅकओएस फुकट असल्यामुळे सगळं कायदेशीर.’ खाली ‘इन्स्टॉल करून मिळेल’ म्हणून मोबाइल नंबर. हॅकिंटॉशचा, म्हणजे साध्या पीसीवर अ‍ॅपलची मॅकओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवण्याचा, शौक मी समजू शकतो. पण ज्याचं पोट त्या मशीनवर आहे, त्याच्या गळ्यात हे मारू नका.

‘काम तेच’ म्हणे. आपल्याकडच्या एडिटिंगच्या पीसीत सहसा काय असतं? एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड. त्याचा मॅकओएससाठी ड्रायव्हर कधी निघालाच नाही. जुन्या कार्डांसाठी एनव्हिडियाचे स्वतःचे ड्रायव्हर २०१७ च्या हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपर्यंत आले, २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून तेही बंद. गंमत अशी, की स्क्रीनवर चित्र येतं, वॉलपेपर दिसतो, डॉक दिसतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन मोकळं होतं. घरी जाऊन विंडो ओढली की ती अडखळत सरकते. अ‍ॅपलच्या फायनल कट या एडिटिंग सॉफ्टवेअरला लागणारं मेटल हे ग्राफिक्सचं तंत्र त्या कार्डावर मिळत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच बोंबललं. कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर भागवू म्हणाल, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढचं ग्राफिक्स मॅकओएस ओळखत नाही. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर थेट कर्नलला, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्यालाच, पॅच मारा. शेवटी एएमडीचं ठरावीक कार्ड शोधत फिरायचं, आणि चाळीस हजारांचा हिशेब तिथंच कोलमडतो.

‘अपडेट तेच’ ही तर शुद्ध थाप. हॅकिंटॉश सुरू करून देणारं ओपनकोअर हे सॉफ्टवेअर मॅकओएसला सांगतं, ‘मी २०१९ चा मॅक प्रो आहे.’ असं ज्यांचं सोंग घेता येतं ते सगळे मॅक इंटेलचे. अ‍ॅपलनं २०२० पासून स्वतःच्या चिप आणल्या आणि जून २०२५ मध्ये सांगूनच टाकलं की टाहो ही मॅकओएसची इंटेलवरची शेवटची आवृत्ती. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या त्या टाहोतही इंटेलची चारच मॉडेलं उरलीत. सुरक्षेचे अपडेट आणखी काही वर्षं मिळतील, त्यानंतर खेळ खलास. अ‍ॅपलच्या त्या नव्या एम चिपचं सोंग असेंबल पीसीला घेता येत नाही, त्या प्रोसेसरची जातच वेगळी. आणि जे अपडेट आले त्यांनीही त्रासच दिला. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीनं जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांचा आधार काढून घेतला, त्यासरशी कित्येकांचं वायफाय आणि एअरड्रॉप गेलं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक शूट करून रात्रीच क्लिप द्यायची असते. त्या रात्री मशीन काळ्या स्क्रीनवर अडकलं तर निस्तरणार कोण?

फुकट म्हणून कायदेशीर? मॅकओएसचे पैसे वेगळे पडत नाहीत, कारण ते मशीनच्या किमतीत धरलेले असतात. परवान्यात साफ लिहिलंय, अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर चालवा. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीनं २००८ मध्ये असेच पीसी विकायला काढले होते. अ‍ॅपलनं त्याच वर्षी तिला कोर्टात खेचलं, २००९ मध्ये निकाल अ‍ॅपलच्या बाजूनं लागला आणि विक्री बंद पडली. निकाल अमेरिकेतला, पण परवान्याची अट इथंही तीच. घरी कोणी हौसेनं करून पाहिलं तर दारात पोलीस येत नाहीत, हे मान्य. पैसे घेऊन टाकून देणाऱ्याची गोष्ट निराळी.

राहिला ‘लाखभर’. एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात आली ती ५९,९०० रुपयांना, १६ जीबी रॅमसकट. मॉनिटर, कीबोर्ड आपल्याकडे असतोच. मेसेजमध्ये नाही, पण असायला हवी होती अशी एक तक्रार खरी आहे: स्टोरेज वाढवायचं म्हटलं की अ‍ॅपल अव्वाच्या सव्वा पैसे लावतं. म्हणून २५६ जीबीचीच घ्या आणि फुटेज बाहेरच्या एसएसडीवर ठेवा. रॅम मात्र नंतर वाढत नाही, ती घेतानाच ठरवा. आणि साठ हजारही काढायचे नसतील, तर आहे त्या पीसीवर विंडोजच राहू द्या. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती टाका, तिथं ते आरटीएक्स कार्ड तरी कामाला येईल.