‘कळवतो’ म्हणालात ना? मग कळवा

मुलाखत संपताना ज्यांनी स्वतःहून "आठवडाभरात कळवतो" असे सांगितले, त्यांना पंधरवड्यानंतर "काय ठरले?" असे विचारणारा उमेदवार लोचट ठरतो आणि शब्द देऊन गप्प बसणारे साहेब मात्र कामात गढलेले ठरतात, हा उलटा न्याय कोणी काढला ते मला एकदा कळायला हवे. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत अकाउंट्सची नोकरी शोधताना या न्यायाचा इतका अनुभव गाठीशी आला आहे की आता गोड बोलणे मला जमणार नाही.

सल्ला देणाऱ्यांना काही तोटा नसतो. आमचे थोरले काका म्हणतात, "सकाळी जाऊन गेटवर उभी राहा, तोंड दिसल्याशिवाय कोण ध्यानात ठेवतंय?" पुण्यात आयटीत असलेला मावसभाऊ सांगतो, "ताई, फोन अजिबात करू नकोस, गरजू वाटतं. आठ-दहा दिवसांनी एक छोटा मेल टाक आणि विसरून जा." काकांचे ऐकावे तर गेटवरच्या वहीत नाव, मोबाईल नंबर, गाडी नंबर आणि ‘कोणाकडे काम’ हे सगळे रकाने भरून घेतल्यावर सिक्युरिटीवाला आत फोन लावतो, पलीकडचा "कळवतो म्हटलंय की त्यांना!" हा त्रासिक आवाज मला स्वच्छ ऐकू येतो, आणि तो बिचारा ओशाळून "मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे सांगतो. भावाचे ऐकावे तर मेल पोचला की नाही हेही समजत नाही. व्हॉट्सॲपवर विचारले तर दोन निळ्या खुणा उमटतात, साहेबांच्या स्टेटसला महाबळेश्वरचे फोटो दिसतात, उत्तर तेवढे दिसत नाही.

बरे, तो चार ओळींचा मेल लिहिणे म्हणजे काय दिव्य असते ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ‘आपणास त्रास देत आहे, क्षमस्व’ असे लिहायचे आणि खोडायचे, कारण क्षमा कशाची मागायची? ‘कृपया लवकर कळवावे’ यातले ‘लवकर’ खोडायचे, कारण ते उर्मट वाटेल. ‘आपल्या सवडीने’ लिहिले तर त्यांना ती सवड कधीच मिळत नाही. त्यात मी पडले अकाउंट्सची, म्हणून कोणत्या दिवशी विचारावे याचाही हिशेब मनात सुरू होतो. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, भरायचा असतो, तेव्हा नको. ११ तारखेला जीएसटीआर-१ हे जीएसटीचे विक्रीचे विवरणपत्र असते, १५ तारखेला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय हा विमा, २० तारखेला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, त्यानंतर महिनाअखेर आणि पगार. समोरच्याच्या गडबडीचा इतका बारीक विचार करून मेल पाठवणारी मी ‘मागे लागणारी’, आणि ज्याला ‘जागा भरली’ एवढे दोन शब्द टाइप करायला सबंध महिना पुरत नाही तो व्यवहारी!

सगळ्यांत जास्त संताप येतो तो जाहिरातीतल्या अटी आठवून. टॅली, जीएसटी आणि एक्सेल यांच्या जोडीला त्यात ‘येणे रकमांच्या वसुलीचा चिकाटीने पाठपुरावा करता येणे आवश्यक’ असे लिहिलेले असते. म्हणजे उद्या मी यांच्या टेबलाशी बसले की गिऱ्हाइकांना रोज फोन करून "बिल पास झालं का?" असे विचारणे हा माझा गुण ठरणार, आणि आज माझ्याच मुलाखतीचा निकाल विचारणे हा आगाऊपणा! सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, करारात काहीही मुदत लिहिलेली असली तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात, हे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात स्पष्ट आहे, आणि तो कायदा दाखवून थकबाकी मागणारी पत्रे आधीच्या नोकरीत मी स्वतः टाइप केली आहेत. त्या पत्रांत आम्ही कधी ‘क्षमस्व’ लिहिले नव्हते. जीएसटीचे विवरणपत्र चुकले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, टीडीएस उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का व्याज लागते. या देशात उशिराला किंमत नाही असे मुळीच नाही, उमेदवाराच्या वेळेला तेवढी किंमत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना, मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णयाबाबत कळवणे सक्तीचे केले. आपल्याकडच्या खासगी कारखान्यांवर असे कसलेच बंधन नाही, आणि बंधन नसले की सभ्यताही गुंडाळून ठेवावी, अशी बहुधा रीत आहे.

"अर्ज ढिगाने येतात हो मॅडम" ही सबब मला सांगू नये. अर्ज ढिगाने येत असतील, पण मुलाखतीला बोलावलेली माणसे बाहेरच्या बाकावर मावतील एवढीच होती आणि त्या सगळ्यांचे मेल आयडी यांच्याकडे आहेत. खरे कारण वेगळे असते आणि ते मला चांगले माहीत आहे: पहिल्या पसंतीचा उमेदवार जुन्या कंपनीत नोटीस पिरियड भरत असतो, तो ऐनवेळी फिरलाच तर हाताशी कोणीतरी असावे, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्याला नकार न देता टांगून ठेवले जाते. ठेवा की, माझी काही हरकत नाही, फक्त तसे सांगा. "तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, महिनाअखेर नक्की कळेल" असे कोणी म्हटले असते तर मी त्या माणसाचा मान ठेवला असता, कारण त्याच सुमारास साताऱ्याच्या एका ठिकाणाहून मला होकार आला होता आणि त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. सांगलीतले घर, आईचे गुडघे आणि रोजची नोकरी यांचा मेळ घालताना इकडचा एक ‘नाही’ माझ्या किती उपयोगी पडला असता! पण हातचे सोडावे की नाही हे ठरवायला जी माहिती लागते, तीच मागणे इथे असभ्य मानले जाते.

आणि यांना स्वतःला गरज पडली की सगळे शिष्टाचार उडून जातात. रात्री नऊला फोन येतो, "उद्या सकाळी सगळी कागदपत्रं आणि मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घेऊन येता का?" एक दिवस मागितला तर "तुम्हाला इंटरेस्ट दिसत नाही" असे ऐकावे लागते.

यापुढे मी मुलाखतीतून उठण्याआधीच निर्णयाची तारीख आणि चौकशी कोणाकडे करायची त्यांचे नाव विचारणार आहे, आणि ते त्यांच्यासमोर वहीत लिहून घेणार आहे. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी मेल जाईल, त्यात त्यांनीच दिलेली तारीख असेल आणि क्षमस्व नसेल. दोन दिवसांत उत्तर आले नाही तर कामाच्या वेळेत एक फोन होईल. जागा भरली असेल तर तेवढेच सांगा. कारण नको, शुभेच्छा नकोत, ‘भविष्यात संधी आल्यास विचार करू’ हेही नको. मी त्याच संध्याकाळी दुसरीकडे अर्ज करेन.