फ्रीजरमधला कोंबडा

मी मालवणची आणि नवरा सदाशिव पेठेतला, त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या घरात बांगड्याला पहिल्यापासून अटी लागू आहेत. आणायचा तर डबल झिपलॉकमध्ये, ठेवायचा तर फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पाकिटावर मार्करने लिहून, आणि तळायचा तर एक्झॉस्ट फुल करून सगळ्या खिडक्या उघडून, मग बाहेर बर्फ पडत असला तरी चालेल. इतकी वर्षं मी हे निमूट पाळलं. आणि आता त्याच फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात, ओल्या खोबऱ्याच्या पाकिटाला चिकटून, कोंबड्याच्या मानेचं आख्खं कातडं असतं, पिसांसकट. त्याच्यावर मार्करने काहीही लिहिलेलं नाही. मोदकांच्या दिवशी मी खोबरं म्हणून काय बाहेर काढलं ते सांगत बसत नाही, पण सासूबाई तेव्हा व्हिडिओ कॉलवर होत्या.

"अगं, पिसांना कसर लागते, म्हणून नवीन आणली की आधी फ्रीझ करायची असतात," हे साहेबांचं स्पष्टीकरण.

झालं असं की ऑफिसातल्या कोणीतरी त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किलच्या डोंगरात ट्राउट मासा पकडायला नेलं. तिथे गळाला गांडूळ वगैरे लावणं म्हणजे गावंढळपणा. तिथे लावतात फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. हा किडा विकत मिळतो, स्वस्तात मिळतो. पण नाही, तो स्वतः बांधायचा. मग बेसमेंटमध्ये टेबल आलं, हूक धरायला व्हाइस नावाचा छोटा शिकंजा आला, भिंग लावलेला दिवा आला आणि एक दिवस सशाचा चेहरा आला. हो, चेहराच, कानांसकट, वाळवलेला. त्याच्या कानावरची लव खरवडून किड्याचं अंग करतात म्हणे. माझं पारदर्शक नेलपॉलिश गायब झालं तेही तिथेच सापडलं, कारण गाठ पक्की करायला ते बेस्ट असतं, आणि हा शोध आमच्या नवऱ्याचा नाही, जगभरचे लोक बायकांच्या ड्रॉवरमधून हेच उचलतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी काही बोलले नसते. पण याला नुसतं बांधायचं नसतं, त्यातल्या थोर लोकांची तत्त्वं समजून बांधायचं असतं, आणि ती तत्त्वं रात्री जेवताना मला ऐकवायची असतात. आणि गंमत म्हणजे हे थोर लोक एकमेकांशी अजिबात सहमत नाहीत.

सुरुवात इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डपासून. या माणसाचं म्हणणं, खरा किडा जसा दिसतो हुबेहूब तसाच फ्लाय पाहिजे, रंगासकट. 1890 च्या सुमारास कॅटस्किलकडच्या थिओडोर गॉर्डनने त्याला पत्र लिहिलं, त्याने नमुने पाठवले. गॉर्डनच्या लक्षात आलं की इंग्लंडचे किडे वेगळे, आपले वेगळे, आणि आपल्या नद्या तर धबाधबा वाहणाऱ्या, तिथे ही नाजूक मंडळी बुडणार. मग त्याने कोंबड्याची कडक पिसं आणि वुड डक बदकाच्या कुशीची पिसं घेऊन स्वतःची पद्धत काढली. क्षयाने आजारी, नेव्हरसिंक नदीकाठी एकटाच राहायचा, हिवाळाभर फ्लाय बांधायचा. त्याचं मला वाईट वाटतं, खरंच. पण आमच्या घरी वुड डकची पिसं आली ती याच्याचमुळे, आणि इतकी हलकी की हीटिंग सुरू झालं की व्हेंटच्या वाऱ्याने उडून थेट देवघरात.

पुढे 1930 च्या सुमारास ली वुल्फ नावाचा गृहस्थ आला आणि म्हणाला, हे कॅटस्किलचे फ्लाय फारच मरतुकडे आहेत, माशाला पोटभर घास वाटला पाहिजे. त्याने हरणाच्या शेपटीचे केस घालून चांगले जाडजूड फ्लाय केले, आणि व्हाइस न वापरता नुसत्या बोटात धरून बांधायचा. हरणाच्या अंगावरचे केस आतून पोकळ, म्हणून तरंगतात, इथपर्यंत मला मान्य. पण दोरा आवळला की ते चहूबाजूंनी फिस्कारतात आणि मग त्यांना कात्रीने भादरायचं असतं. ते भादरलेले केस नवऱ्याच्या स्वेटरवरून वर किचनमध्ये येतात आणि एक दिवस माझ्या कणकेत मिळाले. मांजर नाही, कुत्रा नाही, आणि पोळीत केस हरणाचा. सांगायचं कोणाला?

मला त्यातल्या त्यात पटला तो फ्रँक सॉयर. इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या एव्हन नदीवर राखणदार होता, म्हणजे रोज नदीच बघायचा. त्याने पाहिलं की पाण्याखालचा किडा पोहताना पाय अंगाशी दुमडून घेतो, मग फ्लायला पाय हवेत कशाला? फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार, संपलं, साधा दोरासुद्धा नाही. माझ्या आजीच्या सोलकढीत जसं एक जिन्नस जास्त नाही आणि एक कमी नाही, तसं. आणि त्याच नदीवरचा ऑलिव्हर काइट तर याच्याही पुढचा, त्याने पीसही काढून टाकलं, हुकावर नुसती तार, आणि ती हलवायची अशी की मासे धरायचे. हे ऐकल्यावर मी ताबडतोब म्हटलं, "मग हा फ्रीजरमधला कोंबडा कशाला रे?" तर म्हणे अगं ती वेगळी स्कूल आहे.

मोंटानाचा गॅरी लाफोंटेन तर स्कूबाचा ड्रेस घालून नदीत उतरला, किडे माशाला पाण्याखालून कसे दिसतात ते बघायला. त्याला दिसलं की कोषातून वर येणाऱ्या किड्याभोवती हवेचे बुडबुडे चमकतात, म्हणून त्याने चमकणारा अँट्रॉनचा धागा वापरला. अँट्रॉन म्हणजे कार्पेटचं मटेरियल. तेव्हापासून आमच्या हॉलच्या कार्पेटच्या एका कोपऱ्याला टक्कल पडायला लागलंय, आणि विचारलं की नवरा व्हॅक्यूम क्लीनरकडे बोट दाखवतो.

जेवणाच्या टेबलावर एकदाच मी त्याला हात जोडले ते इंग्लंडमधल्या डेव्हनच्या फ्लायच्या वेळी. टप्स इंडिस्पेन्सेबल नावाचा प्रसिद्ध प्रकार आहे, तो तिव्हर्टन गावच्या ऑस्टिनने काढला, आणि त्याचं सिक्रेट काय तर मेंढ्याच्या, आता कसं सांगू, मागच्या बाजूला जे लोंबतं त्याच्यावरची लोकर. ऑस्टिनच्या मागे त्याची मुलगी हे बांधून विकायची आणि फॉर्म्युला कोणाला सांगायची नाही. बरोबर आहे, मीही सांगितला नसता.

पण या सगळ्यांत माझी आवडती मेगन बॉयड. स्कॉटलंडमध्ये ब्रोराजवळच्या एका छोट्या घरात ही बाई आयुष्यभर सामन माशाचे फ्लाय बांधत बसली, घरात कित्येक वर्षं वीज नाही, आणि जगभरातून ऑर्डरी. 1971 मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं तर राणीला कळवलं की येता येणार नाही, कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही. आणि स्वतः मासेमारी कधी केलीच नाही. म्हणजे बघा, जिचे फ्लाय जगात उत्तम तिने माशाचं मत कधी विचारलंच नाही.

सामनचे ते जुने फ्लाय बघितले तर वाटतं हे माशासाठी नाहीतच, माणसांसाठीच आहेत. व्हिक्टोरियन काळातल्या रेसिप्या, त्यात कुठल्या कुठल्या जंगलातल्या पक्ष्यांची पिसं. त्या पिसांपायी 2009 साली बासरी शिकणाऱ्या एका पोराने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून 299 पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून नेली. हे वाचल्यापासून आम्ही प्राणिसंग्रहालयात गेलो की मी मोरापेक्षा नवऱ्याकडे जास्त लक्ष ठेवते. हायवेवर मेलेली खार दिसली की याचा पाय ब्रेकवर जातो, हेही मी पाहून ठेवलंय.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हा लेख. आमच्या मालवणात गरवायला गेलेला माणूस संध्याकाळी पिशवी घेऊन परत येतो. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, मिळाली तर शेंगटी नाहीतर गप्पा, पण जे मिळेल ते घरी आणायचं. हा पहाटे चारला उठतो, माझी झोप मोडतो, दोन-अडीच तास गाडी चालवतो, थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उभा राहतो, ट्राउट पकडतो, त्याच्याबरोबर फोटो काढतो आणि सोडून देतो! कॅटस्किलमधल्या बीव्हरकिल नदीच्या एका भागात तर 1965 पासून कायदाच आहे की पकडलेला मासा परत सोडायचा. वुल्फने 1939 मध्येच लिहून ठेवलंय की असा मासा एकदाच पकडला जावा इतका स्वस्त नाही. असेल बुवा. पण माझ्या घरात सशाचं तोंड, कोंबड्याची मान, बदकाचं पीस, हरणाचे केस सगळं आलं, फक्त मासा तेवढा आला नाही.

शेवटी परवा मीच सुपरमार्केटमधून ट्राउट आणला. छान मालवणी मसाला लावला, रव्यात घोळवला, तव्यावर टाकला. खिडक्या उघडल्या नाहीत. आणि काय आश्चर्य, जो माणूस मासा तळताना दोन खोल्या पलीकडे जाऊन बसतो तो चक्क किचनमध्ये आला, वाकून तव्यात बघायला लागला. मला वाटलं, देव पावला, एक तुकडा मागणार.

"याचं पोट कुठाय?"

"साफ करूनच येतो रे."

"म्हणजे आत काय होतं ते बघितलंच नाहीस? काय खात होता ते कळलं असतं ना!"

मी कचऱ्यातलं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. फार्ममध्ये वाढवलेला मासा, त्याला खायला काय घालणार, तपकिरी गोळ्या. त्याने ते पाकीट नीट वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि खाली बेसमेंटमध्ये गेला. अर्ध्या तासाने वर आला तो हरणाच्या तपकिरी केसांची एक गोल गुळगुळीत गोळी हुकावर घेऊन. असाही फ्लाय असतो म्हणे, फार्मवरून नदीत सोडलेल्या माशांसाठी, जाणकार लोक नाक मुरडतात पण मासे तुटून पडतात. तोवर मी दोन्ही तुकड्या संपवल्या होत्या.